व्यास तीन, खोली साठ

ड्रॉइंगवर ही गोष्ट एका ओळीत मावते: भोक, व्यास ३, खोली ६०, साहित्य एसएस ३०४. कोटेशन काढणारा माणूस बाकीचे ड्रॉइंग भराभर वाचत येतो आणि या ओळीपाशी अडतो. "आरपार आहे का?" तो विचारतो. मग, "नग किती?" दोन्हींची उत्तरे मिळाली तरी भाव सांगायला तो वेळ घेतो. हेच भोक माइल्ड स्टीलमध्ये असते तर हातातला चहा संपायच्या आत आकडा सांगून मोकळा झाला असता.

काढायचा धातू तरी किती? तीन मिलिमीटर व्यासाचा आणि साठ मिलिमीटर लांबीचा दांडा म्हणजे सुमारे ४२४ घन मिलिमीटर, वजनाला साडेतीन ग्रॅमही नाही. एवढासा ऐवज ठोकळ्यातून बाहेर काढण्यासाठी पीळदार ड्रिलपासून विजेच्या ठिणगीपर्यंत निरनिराळ्या पद्धती निघाल्या. त्यांचा आढावा घेताना आपण हाच एक जॉब डोळ्यांपुढे ठेवू आणि प्रत्येक पद्धतीला त्याच्यावर उभी करू. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. अशा भोकात ड्रिल आत घालणे फारसे कठीण नसते. कापलेला धातू आणि उष्णता त्याच चिंचोळ्या वाटेने बाहेर आणणे कठीण असते. पद्धत कोणतीही घ्या, तिची परीक्षा या परतीच्या वाटेवरच होते.

कठीण नव्हे, चिवट

स्टेनलेस स्टील कडक असते म्हणून ड्रिल मोडतात, असा एक समज आहे. तो खरा नाही. नरम केलेले ३०४ साधारण दोनशे ब्रिनेलच्या आत असते. त्याहून कडक मिश्रपोलादे आपल्याकडच्या कारखान्यांत रोज विनातक्रार ड्रिल होतात. ३०४ चा त्रास त्याच्या स्वभावात आहे, आणि त्या स्वभावाची तीन अंगे आहेत.

पहिले अंग असे, की ते दाबले की कडक होते. सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलमुळे या पोलादाची स्फटिकरचना ऑस्टेनाइट राहते, पण हत्यार घासले, रेटले की पृष्ठभागाच्या थराची कठीणता जवळजवळ दुपटीने वाढू शकते. ३०४ मध्ये तर त्या थरातला काही ऑस्टेनाइट मार्टेन्साइटमध्ये बदलतो. याचा पुरावा पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. एरवी चुंबकाला न चिकटणाऱ्या ३०४ च्या चिप बऱ्याचदा चुंबकाकडे ओढल्या जातात. म्हणून ड्रिल भोकाच्या तळाशी फिरत राहिले आणि पुढे सरकले नाही, तर ते तळ घासून काचेसारखा करते, आणि पुढच्या फेऱ्याला त्याच काचेशी झुंजते.

दुसरे अंग उष्णतेचे. स्टेनलेसची उष्णतावाहकता माइल्ड स्टीलच्या साधारण एक तृतीयांश आहे. कापताना निर्माण झालेली उष्णता जॉबमध्ये पसरत नाही, धारेपाशीच साचते. धातू पोखरताना किती उष्णता तयार होते हे काउंट रम्फर्डने १७९८ मध्ये जगाला दाखवले. म्युनिकच्या शस्त्रागारात घोड्यांच्या बळावर तोफेचा धातू एका बोथट हत्याराविरुद्ध फिरवला, आणि भोवतीच्या पेटीतले पाणी सुमारे अडीच तासांत विस्तवाविना उकळले. रम्फर्डने बोथट हत्यार मुद्दाम निवडले होते. आपल्याकडे ते नकळत निवडले जाते.

तिसरे अंग चिकटपणाचे. चिप तुटत नाही, सुतळीसारखी लांबते, आणि धारेवर धातूचा गोळा चिकटून बसतो. तो सुटताना धारेचा टवका घेऊन जातो.

सगळी स्टेनलेस सारखी नसतात, हेही इथेच सांगायला हवे. सहज कापल्या जाणाऱ्या प्रमाण पोलादाची यंत्रणक्षमता १०० मानली, तर ३०४ ची ४५ च्या आसपास येते आणि ३०३ ची ७८ च्या आसपास. ३०३ मध्ये मुद्दाम गंधक घातलेला असतो. त्याचे सल्फाइड कण चिप तोडतात. ४१० किंवा ४२० जातीची पोलादे नरम अवस्थेत बरीचशी मिश्रपोलादासारखी वागतात. ड्युप्लेक्स २२०५ ची यील्ड स्ट्रेंग्थ ३०४ च्या दुपटीच्या घरातली, त्यामुळे तिथे रेटा वाढतो. आणि शस्त्रक्रियेच्या रोपणांसाठीचे ३१६एल इतके स्वच्छ वितळवलेले असते, की चिप तोडायला त्यात अशुद्धीचे कणच फारसे उरत नाहीत. रुग्णाला जे हितकारक तेच ड्रिलला जाचक ठरते.

चौथ्या घाताचा हिशेब

भोकाची खोली व्यासाच्या पाचपटीपुढे गेली की ते खोल भोक समजण्याची पद्धत आहे. आपला जॉब वीसपट आहे.

गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. सहा मिलिमीटरच्या ड्रिलऐवजी तीनचे घेतले की ताठपणा निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. लांबी दुप्पट केली तर त्याच आडव्या जोराने ते आठपट वाकते. म्हणजे आपले ड्रिल हे हत्यार कमी आणि वेताची छडी जास्त. सुरुवातीला जरा तिरके लागले तर पुढे ते स्वतःहून सरळ होत नाही.

बाजारात मिळणाऱ्या मापांनीही इथे अडते. नेहमीच्या जॉबर लांबीच्या ३ मिलिमीटर ड्रिलची एकूण लांबी ६१ आणि पीळ असलेली लांबी फक्त ३३ मिलिमीटर असते. लांब मालिकेत पीळ ६६ मिलिमीटरचा मिळतो. साठ खोल गेल्यावर त्यातला सहा मिलिमीटर पीळ बाहेर उरतो, आणि सगळी चिप तेवढ्या तोंडातून निसटायची असते. पीळ भोकात बुडाला की चिपला वाटच नाही. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत ड्रिल मोडले म्हणून समजा.

पीळदार ड्रिल: गरिबाची पण शहाण्याची वाट

आज आपण वापरतो ते ट्विस्ट ड्रिल अमेरिकेतल्या स्टीफन मोर्सने १८६३ मध्ये पेटंट केले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट यांचे हायस्पीड स्टील (एचएसएस) लोकांनी पाहिले, आणि हत्याराच्या पोलादाने तापून लाल झाल्यावरही कापण्याची ताकद कमावली. स्टेनलेससाठी त्याच्याही पुढची कोबाल्ट घातलेली जात लागते: एम३५ मध्ये सुमारे ५ टक्के, एम४२ मध्ये सुमारे ८ टक्के कोबाल्ट असतो.

साध्या बेंच ड्रिलवर आपला जॉब होतो का? होतो, पण तीन चुका टाळल्या तर.

पहिली चूक वेगाची. बारीक ड्रिल म्हणून पट्टा वरच्या पुलीवर चढवला आणि स्पिंडल २८०० फेऱ्यांवर नेला, की कर्तनवेग मिनिटाला २६ मीटरवर जातो. एचएसएस ड्रिलला ३०४ मध्ये १० ते १५ मीटर पुरे. १२ मीटर धरले तर फेरे येतात सुमारे १२७०. वेग जास्त झाला की पहिल्यांदा ड्रिलचे बाहेरचे कोपरे जळतात. बाहेरून ते दिसत नाही, नुसता चिर्रर्र आवाज येतो.

दुसरी चूक भीतीची. ड्रिल नाजूक म्हणून कारागीर हात हलका ठेवतो. स्टेनलेसमध्ये हलका हात म्हणजे घासणे, आणि घासणे म्हणजे कडक थर. प्रत्येक फेऱ्याला सुमारे पाच शतांश मिलिमीटर फीड देऊन धार त्या थराच्या खाली ठेवावी लागते. हाताने हँडल दाबताना हे सातत्य राखणे अवघड आहे. यंत्राच्या फीडने ते सोपे होते. या गतीने नुसते कापण्याचे काम मिनिटभराचे आहे. बाकीचा वेळ चिप काढण्यात जातो.

तिसरी चूक सुरुवातीची. लेथवर टोकाला आधार देण्यासाठी जे साठ अंशांचे सेंटर ड्रिल असते, त्यानेच खड्डा पाडायची सवय आहे. त्या खोल, अरुंद खड्ड्यात लांब ड्रिलचे कोपरे आधी टेकतात, टोक अधांतरी राहते आणि ड्रिल थरथरते. आखूड, ताठ ड्रिलने, लांब ड्रिलच्या टोकाइतक्याच किंवा त्याहून मोठ्या कोनाचा खड्डा पाडावा, म्हणजे टोक आधी टेकते. स्टेनलेससाठी १३५ अंशांचे, मधली आडवी धार बारीक केलेले टोक ११८ अंशांपेक्षा बरे, कारण मधली धार कापत नाही, नुसती रेटते. आखूड ड्रिल पोचेल तिथवर आखूड वापरावे, मग लांब घ्यावे. दोन्ही ओठ सारखे नसतील तर भोक मोठेही होते आणि तिरकेही जाते. हाताने धार लावणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. धार लावून घेणाऱ्याला सांगावे लागते.

त्यानंतर येते टप्प्याटप्प्याने ड्रिल करणे, म्हणजे पेकिंग. सीएनसीवर जी८३ ड्रिलला दर टप्प्यानंतर पूर्ण बाहेर आणते. जी७३ ते थोडेसेच मागे घेऊन चिप तोडते. वीसपट खोलीला आतून कुलंट नसेल तर जी८३ शिवाय गत्यंतर नसते. पहिला टप्पा व्यासाच्या दोन-तीनपट, पुढचे हळूहळू आखूड. पण प्रत्येक पेक म्हणजे धारेला पुन्हा एकदा त्या कडक तळावर आपटणे, आणि बाहेर न आलेली चिप तळाशी पडली असेल तर तीही चिरडणे. म्हणून पेक हवे तितकेच. तळाशी थांबा अजिबात नको. रुंद पिळाची आणि जाड गाभ्याची पॅराबोलिक ड्रिले इथे कामी येतात. त्यांना पेक कमी लागतात.

शक्य असेल तर जॉब फिरवावा आणि ड्रिल स्थिर ठेवावे, म्हणजेच काम लेथवर न्यावे. फिरणाऱ्या जॉबच्या अक्षापासून ड्रिल जरा ढळले तरी तो अक्षच त्याला मध्याकडे आणत राहतो. तोफा भरीव ओतून मग पोखरणाऱ्या अठराव्या शतकातल्या कारागिरांनीही तोफ फिरवली, हत्यार नाही.

तेलाची गोष्ट

पाण्यात मिसळलेले दुधाळ कुलंट थंडावा चांगला देते, पण साठ मिलिमीटर खोल, पिळाच्या विरुद्ध दिशेने ते धारेपर्यंत पोचेल ही आशा फोल आहे. बाहेर येणारी चिप त्याला सोबत घेऊन येते. हाताच्या कामात गंधक किंवा क्लोरीनयुक्त घट्ट कटिंग ऑइल, दर पेकला ड्रिलवर लावलेले, जास्त उपयोगी. काही जुने फिटर खोबरेल तेलाची बाटली जवळ ठेवतात. त्यात तथ्य आहे: स्निग्ध तेले धातूच्या पृष्ठभागाला धरून राहतात आणि चिकटण कमी करतात. मात्र उष्णता वाढल्यावर टिकण्याची क्षमता खास तेलांचीच जास्त.

एक सावधगिरी हवी. क्लोरीनयुक्त तेल अंध, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकाच्या तळाशी राहिले आणि जॉब पुढे तापवला किंवा वेल्ड केला, तर क्लोराइडमुळे स्टेनलेसला चिरा पडण्याचा धोका असतो. धुणे हे ड्रिलिंगचेच शेवटचे पाऊल समजावे. एचएसएस ड्रिलचे लोखंडी कण भिंतीला चिकटले असतील तर तिथे गंजाचे ठिपके येतात. म्हणून अन्न, औषध किंवा शस्त्रक्रियेच्या भागांना नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाने निष्क्रियीकरण करतात.

आतून कुलंट, बाहेर चिप

सगळ्या हिशेबाला कलाटणी मिळाली ती कुलंट ड्रिलच्या पोटातून धारेपर्यंत नेल्यामुळे. वीसपट, तीसपट खोलीची, आतून छिद्रे असलेली भरीव कार्बाइडची ड्रिले आता तीन मिलिमीटरमध्येही मिळतात. कर्तनवेग मिनिटाला ५० मीटर, म्हणजे ५३०० फेरे. फीड तेच पाच शतांश. हिशेब करा: मिनिटाला २६५ मिलिमीटर. आपले साठ मिलिमीटर सुमारे चौदा सेकंदांत, एकही पेक न घेता.

पण हे चौदा सेकंद फुकट मिळत नाहीत. कार्बाइड ताठ असते, तसेच ठिसूळही. त्याला पायलट भोक लागते: व्यासाच्या एक-दोनपट खोल, लांब ड्रिलपेक्षा काही मायक्रॉनच मोठे आणि टोकाचा कोन किंचित जास्त. लांब ड्रिल त्या पायलटमध्ये अगदी हळू फिरवत न्यायचे, मग कुलंट, मग पूर्ण फेरे. मोकळ्या हवेत पूर्ण फेऱ्यांवर सोडले तर ते चाबकासारखे फटकते. तीन मिलिमीटरच्या ड्रिलमधली छिद्रे केसाएवढी असल्याने पंपाचा दाब ४० बारपेक्षा जास्त हवा, आणि कुलंट बारीक गाळलेले हवे. एक कण अडकला की ड्रिल गेले. होल्डर डायल लावून तपासलेला हवा. आणि ड्रिल आत मोडले, तर ते दुसऱ्या ड्रिलने काढता येत नाही. कार्बाइडचा तुकडा पोटात घेतलेला जॉब थेट ईडीएमकडे, म्हणजे विजेच्या ठिणगीने धातू खाणाऱ्या यंत्राकडे जातो, नाहीतर भंगारात.

बंदुकीच्या नळीचा वारसा

गन ड्रिल हे नाव बंदुकीच्या नळ्या पोखरण्यावरून आले. योगायोग असा, की शेफील्डमध्ये १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस स्टील ओतले, तेही बंदुकीच्या नळ्यांची झीज कशी थांबवावी याच्या शोधात. नळीचे हत्यार आणि नळीसाठी शोधलेला धातू आज एकाच भोकात एकमेकांना भेटतात.

गन ड्रिलला पीळ नसतो. एका बाजूला सरळ खाच असते आणि एकच धार असते. तेल उच्च दाबाने पोटातून आत जाते आणि चिप घेऊन त्या सरळ खाचेतून बाहेर येते. धार एकीकडे असल्याने तिचा रेटा समोरच्या बाजूच्या आधारपट्ट्यांवर येतो, आणि त्या पट्ट्या नुकत्याच कापलेल्या भिंतीवर टेकून ड्रिलला सरळ ठेवतात. सुरुवातीला मात्र त्याला मार्गदर्शक बुश किंवा पायलट हवेच. तीन मिलिमीटरसाठी तेलाचा दाब शंभर बारच्या आसपास लागतो आणि फीड कमी असते, फेऱ्याला काही सहस्रांश मिलिमीटरच. म्हणून मिनिटाला तीस-चाळीस मिलिमीटर म्हणजे चांगली गती. आपले भोक दोनेक मिनिटांत होते. कार्बाइडच्या पीळदार ड्रिलहून हे बरेच सावकाश, पण भोक सरळ, गोल आणि रीमर मारल्यासारखे गुळगुळीत. व्यासाच्या शंभरपट खोलीपर्यंतही हीच पद्धत जाते.

ही पद्धत कुणाच्या कामाची याचे उत्तम उदाहरण हाडांच्या शस्त्रक्रियेत दिसते. मांडीच्या हाडाची मान मोडली की शल्यविशारद आधी एक बारीक तार बसवतात आणि पोकळ स्क्रू तिच्यावरून सरकवतात. ७.३ मिलिमीटरच्या अशा स्क्रूची तार २.८ मिलिमीटरची असते, आणि स्क्रू शंभर मिलिमीटरपेक्षा लांबही लागतात. ३१६एलच्या दांड्यातून असे भोक आरपार, अक्षात आणि आत कचरा न ठेवता न्यायचे, म्हणजे खोली व्यासाच्या तीसपटीपलीकडे गेली.

मोठ्या व्यासांसाठी चिप पोकळ नळीच्या आतून बाहेर काढणारी बीटीए पद्धत आहे. पण आपल्या तीन मिलिमीटरला ती लागू नाही.

न कापता केलेली भोके

१९४३ मध्ये सोव्हिएत रशियात लाझारेन्को दांपत्याने विजेच्या ठिणगीची धातू खाण्याची खोड उपयोगात आणली. ठिणगीला धातू कडक आहे की चिवट, याच्याशी देणेघेणे नसते; तो वीज वाहणारा असला की झाले. होल ड्रिलिंग ईडीएममध्ये पितळेची किंवा तांब्याची फिरती नळी इलेक्ट्रोड असते. तिच्या पोटातून दाबाखाली पाणी जाते आणि जळालेले कण बाहेर आणते. वायर-कट करणाऱ्या जॉबवर्क कारखान्यांत तारेसाठी सुरुवातीचे भोक पाडायला हे यंत्र असते. भोसरीत काय आणि शिरोलीत काय, ते शोधायला लांब जावे लागत नाही. तीन दशांश मिलिमीटरपासून तीन मिलिमीटरपर्यंत हा त्याचा प्रांत. मोडलेले टॅप आणि कार्बाइडचे तुकडेही तेच काढते. डिझेल इंजेक्टरच्या नोझलची फवारा-छिद्रेही ठिणगीनेच पाडतात.

उणिवा दोन. इलेक्ट्रोड स्वतः झपाट्याने झिजतो, त्यामुळे अंध भोकाची खोली मोजून गाठणे अवघड. आणि भोकाच्या भिंतीवर वितळून पुन्हा गोठलेला, बारीक चिरांचा थर राहतो. वारंवार ताण येणाऱ्या भागात किंवा गंजाच्या वातावरणात हा थर काढल्याशिवाय भाग वापरू नये.

हा थर अजिबात नको असेल तर विद्युत-रासायनिक मार्ग आहे: आम्लाच्या प्रवाहात नळीच्या टोकाशी धातू विरघळवणे. टर्बाइनच्या पात्यांतली लांब थंडाव्याची छिद्रे अशी करतात. उष्णता नाही, ताण नाही. पण आम्लाची व्यवस्था, विल्हेवाट आणि खर्च लहान कारखान्याच्या आवाक्याबाहेरचा. लेझर पातळ भिंतीत शेकडो छिद्रे पाडायला उत्तम, साठ मिलिमीटर खोलीला नाही. भोक निमुळते होते आणि वितळलेला धातू बाहेर येत नाही. तिथेही अखेर परतीची वाटच अडते.

ड्रॉइंगलाच प्रश्न

एवढ्या पद्धती पाहिल्यावर सगळ्यांत स्वस्त पद्धत उरते. ती यंत्रावर नसते, डिझाइनरच्या टेबलावर असते. कोटेशनवाल्याचा "आरपार आहे का?" हा प्रश्न तिथलाच. आरपार असेल तर दोन्ही बाजूंनी तीस-तीस मिलिमीटर करता येते, वीसपट खोली दहापट होते; मध्ये थोडा जोड राहिला तर चालेल का, एवढेच विचारायचे. पहिल्या चाळीस मिलिमीटरला सहा व्यास चालत असेल तर तीनचे भोक शेवटच्या वीस मिलिमीटरपुरते उरते. वेल्डिंग नसेल आणि गंजाची परीक्षा कडक नसेल तर ३०४ ऐवजी ३०३ चालते. काही ठिकाणी तयार बारीक स्टेनलेस नळी बसवून भोक पाडायचेच टाळता येते. यातले काहीच जमत नसेल तर मग ड्रिलच्या कॅटलॉगकडे वळावे.

माझा निवाडा असा. नग एक-दोन असतील आणि हाताशी लेथ असेल, तर कोबाल्टचे पॅराबोलिक ड्रिल, कमी फेरे, न थांबणारे फीड आणि घट्ट तेल. नग शेकड्यांत आणि यंत्रावर उच्च दाबाचे कुलंट असेल, तर कार्बाइड. सरळपणा आणि आतली भिंत महत्त्वाची असेल, तर गन ड्रिल, स्वतःकडे नसेल तर जॉबवर्कवर. जॉब आधीच कडक केलेला असेल, व्यास दीडच्या खाली असेल, किंवा कुणाचे ड्रिल आत मोडून बसले असेल, तर ईडीएम. आणि ड्रॉइंग काढणाऱ्यांना एक विनंती: व्यास तीन, खोली साठ असे लिहिण्याआधी ते भोक जो पाडणार आहे त्याला एकदा फोन करा. तुमच्या दोन मिनिटांत त्याचा अर्धा दिवस वाचू शकतो.